लिलावातलं जुनं पॅनल सॉ घ्यावं का? ठाणे-नवी मुंबईतल्या मशिनरी लिलावांचं परीक्षण

वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भे आणि पुढे तळोज्यापर्यंतच्या एमआयडीसी पट्ट्यात मॉड्युलर किचन, दरवाजे, ऑफिस फर्निचर आणि पॅकिंगच्या पेट्या करणारे लहान कारखाने गाळ्यागाळ्यांत आहेत. त्यातला एखादा बंद पडतो, कर्ज थकतं किंवा मालक जागा सोडतो, आणि पॅनल सॉसारखी (प्लायच्या शीट सरळ कापणारी मोठी करवत) लाकूडकामाची मशीन लिलावात येतात. नवीन मशीनचं कोटेशन पाहून हबकलेला सुतार किंवा छोटा कारखानदार मग या लिलावांकडे वळतो. आमचं मत आधीच सांगतो: ओतीव लोखंडाची मशीन घ्यायला लिलाव हा उत्तम रस्ता आहे, इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारी मशीन घ्यायला वाईट. आणि बोलीचा आकडा ही खरी किंमत नव्हे. खरी किंमत पाहणीच्या दिवशी ठरते.

लिलाव मुख्यतः तीन दारांनी येतात. पहिलं दार बँकेचं: २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताब्यात घेतलेली मशिनरी. हिच्या जाहीर नोटिसा नवशक्तीसारख्या मराठी दैनिकांत आणि बँकेच्या लिलाव पोर्टलवर येतात. दुसरं दार लिक्विडेटरचं (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकणारा), २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखालचं. तिसरं दार खासगी लिलावदारांचं, जे चालू कारखान्याची जागा रिकामी करून देतात. सरकारी खाती आणि उपक्रमांचा जुना माल पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या एमएसटीसीच्या पोर्टलवरही विकला जातो, पण तिथे लाकूडकामाची चांगली मशीन क्वचितच दिसतात.

खरेदीदाराच्या दृष्टीने तिसरं दार सगळ्यात चांगलं. कारखाना बंद होऊन फार दिवस झालेले नसतात, वीज बहुधा चालू असते आणि मशीन फिरवून बघता येतं. बँकेच्या लिलावात गाळा वर्ष-दोन वर्षं सीलबंद राहिलेला असतो, मीटर कापलेला असतो. म्हणजे एक-दोन पावसाळे मशीनने बंद शटरमागे खाडीच्या दमट हवेत काढलेले असतात. त्याच मशीनची किंमत या एका कारणाने निम्म्यावर आली तरी नवल नाही.

माहितीपत्रकाच्या बाबतीत या सेवेला आम्ही फार कमी गुण देऊ. 'पॅनल सॉ, १ नग' आणि खाली लांबून काढलेला एक फोटो, एवढ्यावर पाच आकडी इसारा (अनामत) भरायला सांगतात. मेक, मॉडेल, वर्ष, मोटरची क्षमता यातलं काहीच नसतं. बँकेच्या नोटिशीत 'जे आहे जसे आहे, जेथे आहे तेथे, जे काही आहे ते' हे वाक्य ठळक छापलेलं असतं आणि त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा: स्पिंडल (फिरणारा दांडा) वाकलेला निघाला, फेन्स (तुकडा टेकवायची सरळ पट्टी) नसला, विजेचं पॅनेल आतून रिकामं निघालं, तरी तक्रार ऐकली जाणार नाही. त्यामुळे पाहणीला न जाता बोली लावणं म्हणजे अंधारात हात घालणं. पाहणीची वेळ साधारणपणे एकच दिवस, सकाळी अकरा ते चार अशी असते. तिथे जाताना एक मीटरची स्टीलची स्ट्रेट एज, फीलर गेज (फट मोजायची पाती), चुंबकी स्टँडसह डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं), चांगला गुण्या, ॲलन की आणि पान्यांचा संच, टॉर्च, ५०० व्होल्टचा मेगर (मोटरचं इन्सुलेशन तपासणारा) आणि चिंध्या एवढं सोबत हवंच. शक्य असेल तर मोटर वाइंडिंगचा माणूस सोबत न्या. त्याची एका दिवसाची मजुरी वाया जात नाही.

पॅनल सॉ जवळून कसं बघायचं ते नीट सांगतो, कारण या लिलावांत सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते. आठ बाय चारची प्लाय, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरची शीट कापायला ३२०० मिलिमीटरचं सरकतं टेबल असलेलं मशीन लागतं. सुरुवात या सरकत्या टेबलापासूनच करायची, मोटरपासून नाही. टेबल हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू ढकला. मध्येच खट्कन् अडलं किंवा घरघर आली तर रोलरच्या वाटेत भुसा अडकलाय किंवा वाट खड्ड्यांनी भरलीय. चिंधीला थोडं रॉकेल लावून गाइडच्या पोलादी पट्ट्या पुसा. पिवळट गंज पुसून निघाला आणि खाली चकचकीत पट्टी दिसली तर काळजी नाही. पुसल्यावर नखाला खड्डे लागले तर ते मशीन सोडा. ॲल्युमिनियमचं टेबल गंजत नाही, पण ज्या पट्टीवर ते धावतं ती गंजते, आणि ती पट्टी बदलणं म्हणजे अर्धं मशीन बदलणं. शेवटी टेबल पूर्ण बाहेर ओढून त्याचं मोकळं टोक हाताने वर-खाली करा. हाताला खेळ जाणवला तर मोठी शीट ठेवल्यावर काप सरळ येणार नाही.

मग आर्बर, म्हणजे ज्यावर ब्लेड बसतं तो शाफ्ट. ब्लेड काढा, फ्लँज (ब्लेड ज्यावर टेकतं ती चकती) पुसून घ्या आणि डायल गेजचं टोक फ्लँजच्या कडेजवळ लावून शाफ्ट हाताने फिरवा. ०.०२ मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम. १०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजवर ०.०५ दिसलं तर ३०० मिलिमीटरच्या ब्लेडच्या कडेला ते तिप्पट, म्हणजे ०.१५ होतं. सनमायका लावलेल्या बोर्डाची कड तेवढ्याने तुटते आणि कितीही नवं ब्लेड लावलं तरी तुटतच राहते. नंतर बेल्ट उतरवून शाफ्ट एकटा फिरवा. बेअरिंग खरखरत असेल तर घाबरायचं कारण नाही, बेअरिंग बाजारात मिळतं आणि स्वस्त असतं. पण शाफ्ट हाताने वर-खाली हलवून गेजमध्ये खेळ दिसला तर बेअरिंग ज्या जागेवर बसतं ती जागाच झिजलेली असू शकते. मग शाफ्ट काढून, मेटल चढवून, ग्राइंड करून घ्यावा लागतो.

पुढचा छोटा स्कोरिंग ब्लेड लोक बघतच नाहीत. तो साधारण १२० मिलिमीटरचा असतो, मुख्य ब्लेडच्या उलट दिशेने फिरतो आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला आधी बारीक चर पाडतो, म्हणून लॅमिनेट खालून तुटत नाही. त्याला वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणारे स्क्रू भुशाने आणि डिंकाने जाम झालेले असतात. ते फिरतात का, स्कोरिंगची मोटर जागेवर आहे का, त्याचा बेल्ट आहे का, हे वाकून बघा. स्कोरिंग नसलेलं पॅनल सॉ म्हणजे महागडी साधी करवत.

ब्लेड टेबलाला समांतर आहे का हे बघताना एकाच दाताला खूण करा. तोच दात पुढे आणि मागे नेऊन मोजा, नाहीतर ब्लेडचा स्वतःचा लटका (डगमग) मोजला जातो. मागच्या बाजूला ०.०५ ते ०.१ मिलिमीटर मोकळं असणं योग्य आहे, म्हणजे मागचे दात कापलेली कड पुन्हा खरवडत नाहीत. वीज असेल तर ६०० बाय ६०० चा तुकडा चारही बाजूंनी कापून कर्ण मोजा. दोन कर्णांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल तर तो फेन्स सेट करून जातो. फरक प्रत्येक वेळी वेगळा येत असेल तर खेळ टेबलात आहे.

आणि सुट्या वस्तू मोजा. क्रॉसकट फेन्स, त्याचे स्टॉप, रिप फेन्स, आर्बरचा नट, ब्लेडमागची रायव्हिंग नाइफ (काप मिटू न देणारी पट्टी), ब्लेडवरचं झाकण. पाहणी आणि उचल यांच्यामध्ये याच वस्तू नाहीशा होतात. प्रत्येकीचा फोटो त्या दिवसाच्या तारखेसह काढा आणि लिलाव अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. कायदेशीर हक्क त्याने फारसा वाढत नाही, पण गेटवरची मंडळी सावध होतात. मुख्य केबल मशीनच्या तोंडाशी करवतीने कापलेली असणं तर नेहमीचंच आहे, तांब्यासाठी. तो खर्च आधीच धरून चाला.

रंधा मशीन आणि थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन) ही लिलावातली सगळ्यात चांगली खरेदी. ओतीव बॉडी, एक मोटर, तीन-चार पात्यांचा ब्लॉक, बिघडण्यासारखं फार काही नसतं. फक्त तीन गोष्टी बघा. पुढचं आणि मागचं टेबल एका पातळीत येतात का, हे मीटरच्या स्ट्रेट एजने तपासा. टेबलाची टोकं झुकलेली असतील तर फळी कितीदाही रंधली तरी सरळ होत नाही आणि जोड उघडा राहतो. हे झुकणं बहुतेकदा आधीच्या हलवाहलवीत टेबलाला साखळी बांधून उचलल्यामुळे आलेलं असतं. दुसरं, पातं दाबून धरणाऱ्या पाचरी आणि त्यांचे बोल्ट. चुडी (आटे) गेलेला बोल्ट मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांना पातं सोडू शकतो. तिसरं, ब्लॉक गोल आहे की चौकोनी. चौकोनी ब्लॉकचं फार जुनं मशीन भंगाराच्या भावातसुद्धा घेऊ नका, त्यात बोट आत ओढलं जातं. बॉडीला हलक्या हातोडीने टकटक करा. सलग ओतीव लोखंड घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं.

बँडसॉमध्ये (दोन चाकांवर पट्टीसारखं ब्लेड फिरवणारी करवत) चाकांवरचं रबर आणि चाकाचा लटका, एवढं बघितलं तरी पुरे.

एजबँडरपाशी (बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटवणारं मशीन) मात्र हात आखडता घ्या. गम गरम करणाऱ्या भांड्यात जळून काळा झालेला थर किती आहे ते बघा. ईव्हीए गम साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसला वापरतात आणि भांडं रिकामं न करता मशीन वर्षभर पडलं असेल तर खरवडण्यातच आठवडा जातो. बोर्ड ओढणाऱ्या साखळीवरचे रबरी पॅड कडक झालेले असतात, हवेच्या सिलिंडरचे सील सुकलेले असतात. ट्रिमिंगच्या हाय-फ्रीक्वेन्सी मोटर आणि त्यांचे इन्व्हर्टर, टचस्क्रीन, पीएलसीचा (मशीन चालवणारा कंट्रोलर) पासवर्ड, ही सगळी खर्चाची दारं आहेत. स्क्रीन पेटत नसेल आणि आयातदाराने दुकान बंद केलं असेल तर बोली लावू नका.

सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेने बोर्ड कोरणारं-कापणारं मशीन) तर वीज चालू करून दाखवला नाही तर लोखंडी टेबलाच्या भावात मोजा. बराच काळ बंद राहिलेल्या मशीनमध्ये सर्व्हो मोटरच्या एन्कोडरची (मोटरची जागा मोजणारा भाग) बॅटरी संपते आणि मशीन आपली शून्य जागा विसरतं. हे दुरुस्त होतं. पण कंट्रोलरच्या पॅरामीटरची फाइल किंवा सॉफ्टवेअरचा डोंगल (त्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही अशी छोटी किल्ली) हरवला असेल तर नवा कंट्रोलरच लावावा लागतो. स्पिंडल मिनिटाला १८ ते २४ हजार फेऱ्यांचा, त्याचं बेअरिंग बदलणं हे गल्लीतल्या मेकॅनिकचं काम नाही.

याउलट भुसा ओढणारा डस्ट कलेक्टर भंगाराच्या भावात जातो आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. पंखा आणि मोटर ठीक असेल तर फक्त पिशव्या नव्या घेऊन काम होतं. कॉम्प्रेसरच्या टाकीबाबत मात्र सावध राहा. खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा, गंजाचं लाल पाणी बादलीभर आलं तर टाकी आतून खाल्लेली आहे. हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची तपासणी) केल्याशिवाय तिच्यात हवा भरू नका.

मोटरची पाटी प्रत्येक मशीनवर वाचायची. आपल्याकडे ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. पाटीवर ६० हर्ट्झ असेल तर इथे मोटर सुमारे १७ टक्के हळू फिरेल, पुली बदलावी लागेल आणि मोटर तापते का याकडे लक्ष ठेवावं लागेल. मेगरवर १ मेगाओहमच्या खाली वाचन आलं तर ती ओल असू शकते, वाळवल्यावर वर येते. सरळ शून्य आलं तर रिवाइंडिंग धरा.

आता हिशोब. समजा पॅनल सॉची बोली २,००,००० ला सुटली. लिलावदाराचं ५ टक्के कमिशन असेल तर १०,०००. मशीनवर १८ टक्के जीएसटी ३६,०००, कमिशनवरचा १,८००. इथेच २,४७,८०० झाले. हायड्रा (छोटी क्रेन), हमाली आणि गाडी मिळून १८,०००, बेअरिंग-बेल्ट-ब्लेड २२,०००, केबल आणि कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) १२,००० धरले तर २,९९,८००. म्हणजे दोन लाखांची बोली तीन लाखांना पडली. जीएसटी नोंदणी असेल तर ३७,८०० चं क्रेडिट मिळू शकतं, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर नाही. म्हणून हिशोब उलटा करायचा: अशाच नव्या मशीनचं वॉरंटीसह कोटेशन घ्या, त्याच्या ६० टक्क्यांवर थांबा, त्यातून वरचे सगळे खर्च वजा करा, उरेल ती तुमची शेवटची बोली. ती कागदावर लिहून ठेवा. खालचा आकडा भंगारवाला ठरवतो. ९०० किलोच्या मशीनला किलोमागे ३५ रुपये धरले तर ३१,५०० च्या खाली ते जाणारच नाही.

बोलीची यंत्रणा स्वतः बरी चालते, तिथे तक्रारीला जागा कमी आहे. केवायसी, पॅन, काही पोर्टलवर डिजिटल सही आणि राखीव किमतीच्या साधारण १० टक्के इसारा एवढं आधी लागतं. इसाऱ्याची रक्कम शेवटच्या दिवशी दुपारी पाठवू नका, पोर्टलवर ती जमा दिसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुम्ही बाद होता. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पाच मिनिटांनी वाढते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला उडी मारण्याचा काही फायदा नाही. बोली जिंकून उरलेले पैसे मुदतीत भरले नाहीत तर इसारा जप्त होतो. खरी अडचण वेगळीच आहे: बँका आणि लिक्विडेटर बऱ्याचदा पूर्ण कारखाना एकाच लॉटमध्ये विकतात. मग लॉट भंगारवाल्याकडे जातो आणि एकच रंधा हवा असलेला सुतार बाहेर राहतो. अशा वेळी लिलावानंतर दोन दिवसांत विजेत्या व्यापाऱ्याला गाठा. त्याला गाळा रिकामा करायची घाई असते आणि तो मशीन वजनाच्या थोड्या वरच्या भावात सोडतो. आमच्या मते छोट्या खरेदीदारासाठी हीच सगळ्यात चांगली वेळ.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा. टॅक्स इन्व्हॉइस कोणाच्या जीएसटी क्रमांकावर मिळणार? कर्जदाराची नोंदणी रद्द झालेली असेल तर केवळ विक्री प्रमाणपत्रावर क्रेडिट घेताना अडचण येते. गाळ्याचं भाडं किंवा कामगारांची देणी थकलेली असतील तर माल बाहेर काढताना कोणी अडवणार नाही ना? उचलायची मुदत किती आणि त्यानंतर रोजचं भाडं किती? मालाचं मूल्य एक लाखाच्या वर असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नेतानाही ई-वे बिल लागतं, मशीन महाप्याहून रबाळ्याला जात असलं तरी.

उचल हा या सगळ्यातला सर्वांत बेभरवशाचा भाग, आणि लिलावदाराची सेवा इथे संपलेली असते. माथाडी कामगारांचं काय, हे त्या वसाहतीत आधी विचारून घ्या. ऐन वेळी गेटवर वाद नको. हायड्राला साखळी नाही, कापडी बेल्ट लावायला सांगा आणि बेल्ट बेसच्या खालून घ्या. पॅनल सॉचं सरकतं टेबल आधी उतरवून वेगळं, गोधडीत गुंडाळून न्या. वागळेतल्या जुन्या बहुमजली इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशीन न्यायचं असेल तर मालवाहू लिफ्टची पाटी आणि दाराची रुंदी आधी मोजा. टेबलाला पुढे-मागे सरकायला साडेसहा मीटरच्या आसपास मोकळी लांबी लागते, तीही मोजा. घोडबंदर रस्त्यावर आणि शहरात अवजड गाड्यांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या बदलतात, ट्रान्सपोर्टवाल्याकडून त्या आठवड्याच्या वेळा घ्या. जून ते सप्टेंबरमध्ये ताडपत्रीच्या आधी सगळ्या उघड्या लोखंडावर ग्रीस चोपडा.

गाळ्यात मशीन बसल्यावर लगेच बटण दाबू नका. लेव्हल लावा, मोटर मेगरने पुन्हा तपासा, अर्थिंग जोडा. महावितरणकडचा मंजूर भार बघा. २० किलोवॉटच्या वर गेलात की औद्योगिक दराचा टप्पा बदलतो आणि डिमांड चार्ज लागू होतो. रायव्हिंग नाइफ आणि झाकण गेलेलं असेल तर ते बनवून घेतल्याशिवाय कामगाराला मशीनवर उभं करू नका. कायदा फिरत्या भागांना आडोसा मागतो, आणि मशीन जुनं घेतलं म्हणून त्यातून सूट नाही. पहिल्यांदा मोटर ब्लेड न लावता फिरवा. नव्या जागी फेजचा क्रम उलटा असेल तर आर्बर उलटा फिरतो, चालू होतानाच्या झटक्याने ब्लेडचा नट सैल होतो आणि ३०० मिलिमीटरचं ब्लेड सुटतं. कोणत्याही दोन फेज अदलाबदल केल्या की दिशा बरोबर होते. मग स्कोरिंगची दिशा वेगळी तपासा, आणि त्यानंतरच ब्लेड चढवा.